आधी मोजू, मग पंखा बंद करू

30 मे 2024 ला नागपूरचं तापमान 56 अंश होतं. म्हणजे, नव्हतं. पण काही काळ सगळ्या देशाला ते होतं असं वाटलं. रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तो आकडा दाखवला, टीव्हीवाल्यांनी तो उचलला, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन आले ("अरे, आहात ना सगळे?"). आणि मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. आमचा खरा विक्रम 23 मे 2013 चा, 47.9 अंशांचा. तोही काही कमी नाही बाप्पा!

या प्रकरणात मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. 56 वर विश्वास ठेवणाऱ्यांत पक्के नागपूरकरही होते. पानठेल्यावर एकजण ठासून सांगत होता, "असन ना बे, लागूनच राहिलं होतं तेवढं!" अंगाला लागणारं ऊन आणि कागदावरचा आकडा यांची आपण कधी गाठ घालून दिलेली नसते, त्यामुळे कोणी काहीही सांगितलं तरी ते खरं वाटतं.

शहराला निदान थर्मामीटर तरी आहे. घराला काय आहे? महिन्याचं बिल. एक आकडा, तोही महिन्यातून एकदा, तोही सगळ्या घराचा मिळून. माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर प्रोग्राम हळू चालतोय एवढंच कळतं, कुठली ओळ वेळ खाते ते कळत नाही. अशा वेळी नवशिका पोरगा अंदाजाने दिसेल ती ओळ सुधारत बसतो. जुना माणूस आधी प्रोफायलर लावतो, म्हणजे कुठे किती वेळ जातो ते मोजतो. आणि दहापैकी नऊ वेळा वेळ भलतीकडेच जात असतो.

तर आज घराच्या प्रोफायलिंगबद्दल. इंग्रजी जाणणारे लोक त्याला एनर्जी ऑडिट म्हणतात. कारखान्यांसाठी ते करणारे परीक्षा देऊन झालेले ऑडिटर असतात. घरासाठी आपणच. एक वही, एक-दोन स्वस्त उपकरणं आणि दोन रविवार पुरतात.

बाबांचे नियम

आमचं घर मानकापूरला. खालचा मजला 1986 चा, वरचा 1998 चा, आणि मागे स्वयंपाकघर, त्याच्यावर मजला नाही, नुसता स्लॅब. खाली आई-बाबा, वर आम्ही तिघं. 2020 मध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन आलो तो इथलाच झालो.

वीज हे बाबांचं खातं. दर महिन्याच्या एक तारखेला ते मीटरचं रीडिंग कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहितात. नोकरीत होते तेव्हापासून. (जुनी कालनिर्णयं माळ्यावर आहेत. मला एवढा व्यवस्थित डेटा कुठल्याही क्लायंटने दिलेला नाही.) आणि त्यांचे नियम ठरलेले. माणूस खोलीबाहेर पडला की पंखा बंद. संध्याकाळी सातशिवाय दिवा नाही. दुपारी कूलर दिवाणखान्यातला एकच, सगळ्यांनी तिथे येऊन झोपायचं.

या नियमांची चेष्टा करायचा माझा विचार नाही. 2005 नंतरची काही वर्षं भारनियमनात गेली, तेव्हा घरटी प्रत्येकाने असंच केलं. त्या वर्षांनी आपल्याला एक सवय लावली ती मात्र अजून सुटली नाही. वीज वाचवायची म्हणजे कशाशिवाय तरी राहायचं, असं आपण धरून चालतो. पंख्याशिवाय, दिव्याशिवाय, कूलरशिवाय. कार्यक्षमता ही निराळी गोष्ट आहे. तीच हवा, तोच उजेड, तोच गारवा, पण कमी युनिटांत. पहिल्यात कोणीतरी सोसतं, दुसऱ्यात कोणी सोसत नाही. बिलावर मात्र दोन्ही सारखेच दिसतात! हा फरक बिल वाचून कधीच कळत नाही, आणि आमच्या घरात तो कळायला 2023 चा मे उजाडावा लागला.

त्या मे महिन्यात एका दुपारी आई पोळ्या करता करता खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात गेला होता का?" ती म्हणाली, "मी कशाला जाते? घरातच होते." डॉक्टर म्हणाले, "घरातही ऊन लागतं काकू." मीठ-साखर-पाणी, दोन दिवस आराम, बरी झाली. बाबा दोन दिवस गप्प होते. मी बाजारात जाऊन पाच थर्मामीटर घेऊन आलो.

मोजणी

हे थर्मामीटर साधेच, टेबलावरच्या डिजिटल घड्याळासारखे, तापमान आणि हवेतली आर्द्रता दोन्ही दाखवणारे. एक बाहेर सावलीत, एक दिवाणखान्यात, एक आई-बाबांच्या खोलीत, एक वरच्या खोलीत आणि एक स्वयंपाकघरात. शिवाय प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणि एक इन्फ्रारेड थर्मामीटर. (कोविडमधली कपाळाला लावायची बंदूक चालत नाही. तिला स्लॅब दाखवला की ती नुसती घाबरते.)

विजेचा मोठा मीटर तर घरात असतोच. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं. आमच्यावर 3200 आहे. रात्री अकराला सगळे दिवे, पंखे बंद केले, फ्रीजचा प्लग काढला आणि मीटरसमोर स्टुलावर बसलो. काहीच चालू नाही म्हणजे दिवा लुकलुकायला नको, बरोबर? दहा मिनिटांत तो 32 वेळा लुकलुकला. 3200 ला एक युनिट, म्हणजे 32 ला एक शतांश युनिट. तासाला 0.06. म्हणजे 60 वॅट, "काहीच चालू नसताना"! महिन्याचे 43 युनिट.

बाबा मागे उभे होते. "तू काय मोजून राहिला?" म्हणाले. सांगितल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. आयुष्यभर खोलीबाहेर पडताना पंखा बंद करणाऱ्या माणसाच्या घरात एक अदृश्य पंखा रात्रंदिवस फिरत होता.

तो सापडायला अर्धा तास लागला. दोन सेट-टॉप बॉक्स, टीव्ही बंद असला तरी जागे. राऊटर. बारीकसारीक चार्जर. आणि सगळ्यात मोठा चोर इन्व्हर्टर, एकटा 30 वॅटचा. भारनियमन गेलं पण त्यासाठी घेतलेला इन्व्हर्टर राहिला, आणि म्हातारी बॅटरी भरत ठेवण्याचं काम तो इमानेइतबारे करत होता.

मग रोजची उपकरणं. वॉटमीटरवर दिसलेले वॅट गुणिले तास, एवढंच गणित. मे 2023 चं बिल 560 युनिटांचं होतं. त्याची फोड अशी निघाली:

वरच्या खोलीतला एसी (माझं ऑफिस, दुपारी सहा तास) – 150
दोन कूलर – 144
पाच पंखे – 112
फ्रीज – 45
काहीच चालू नसताना – 43
दिवे – 35
टीव्ही, इस्त्री, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर – 31

पंख्यांचा आकडा बघा. पंख्याला आपण वीज खाणाऱ्यांत धरतच नाही. पण जुना पंखा 75 वॅटचा, आणि नागपुरात तो चौदा-चौदा तास फिरतो. आणि कूलर? दोघं मिळून एका एसीएवढे, पण दिवसाचे बारा बारा तास, सगळ्या घरासाठी. एका कूलरचं पंखा-पंप धरून 200 वॅटचं काम. एसी जोरात चालला की दीड हजारापर्यंत जातो. उन्हाळ्यात नागपूरच्या कूलरला तोड नाही हे आता आकड्यांनिशी सांगतो :)

त्याचं कारण आपली कोरडी हवा. बाहेर 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या ताटीतून जाणारी हवा तत्त्वतः 24 पर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात 28-29 मिळते. जुलैत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना तीच ताटी फार तर तीन अंश उतरवते, वर घर चिकट करते. म्हणून आर्द्रा लागल्या की कूलरचा पंप बंद. हे आपल्या आजीला माहीत होतं. तिला फक्त आर्द्रतेची टक्केवारी माहीत नव्हती.

बाहेरच्यांची यादी इथे चालत नाही

घराच्या ऑडिटवरची पुस्तकं बहुतेक थंड देशांतली. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ नये ही चिंता. ऑडिटर येतो, दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवतो, घरातली हवा बाहेर ओढतो आणि कुठल्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते ते शोधतो. मग त्या फटी बुजवायच्या. तिथे ते अगदी बरोबर आहे.

हाच सल्ला नागपुरात ऐकला तर कूलर निकामी. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. ती बाहेर जायला समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर खोलीत नुसती दमट हवा साठते आणि ताटी ओली असूनही गारवा येत नाही. कूलरच्या घराला फट हवी, एसीच्या खोलीला फट नको. आमच्यासारख्या अनेक घरांत दोन्ही आहेत, म्हणजे खाली एक नियम आणि वर दुसरा. माझ्या एसीच्या खोलीत जुन्या पद्धतीचा व्हेंटिलेटर होता आणि दाराखाली बोटभर फट. व्हेंटिलेटरला काच आणि दाराला खालून रबरी पट्टी, असे चारशे रुपये लागले. खालच्या खिडक्या आहेत तशाच उघड्या.

डोक्यावरचा तवा

आता मुख्य गोष्ट. दोन मजली घरात मे महिन्याचं ऊन येतं कुठून? भिंतींना दुपारी सूर्य फारसा दिसतच नाही, तो डोक्यावर असतो. तो दिसतो स्लॅबला. भर दुपारी एका चौरस मीटरवर हजार वॅटच्या आसपास ऊन पडतं. आमचा वरचा स्लॅब 600 चौरस फुटांचा, म्हणजे 55 चौरस मीटर. बाराच्या सुमाराला छतावर पंचावन्न किलोवॅट! आणि आम्ही खाली नऊ वॅटचा एलईडी बंद करतोय.

काळपट पडलेलं सिमेंट यातलं निम्म्याहून जास्त ऊन पिऊन टाकतं. ते लगेच खाली येत नाही, स्लॅब जाड असतो. हळूहळू झिरपत संध्याकाळी खालच्या बाजूला पोचतं. माझ्या इन्फ्रारेड थर्मामीटरवर छताची आतली बाजू दुपारी दोनला 39 होती आणि संध्याकाळी साडेसातला 44. बाहेर झुळूक सुटलेली आणि आत डोक्यावर 44 अंशांचा तवा. मुलाला रात्री झोप का लागत नाही, याचं उत्तर त्या आकड्यात होतं. पंखा तर तीच तापलेली हवा खाली ढकलत असतो.

महालातल्या जुन्या घरांना हा त्रास कमी. जाड भिंती, कवेलूंचं छप्पर आणि मध्ये माळा. कवेलू तापले तरी माळ्यातली हवा मध्ये असते. आपण स्लॅब टाकला तेव्हा पक्कं घर मिळालं, पण माळा गेला. केंद्र सरकारने 14 डिसेंबर 2018 ला 'इको निवास संहिता' काढली, मोठ्या नव्या इमारती डोळ्यांपुढे ठेवून. तिच्यात छतातून किती उष्णता झिरपू द्यायची त्याची मर्यादा आहे: एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या दर अंशाच्या फरकाला 1.2 वॅट. उघड्या आरसीसी स्लॅबची हीच संख्या तीनच्या पुढे जाते. म्हणजे संहितेच्या हिशोबाने आपली लाखो घरं डोक्यावर काही न घेता उन्हात उभी आहेत.

उपाय स्वस्त निघाला. गच्ची घासून धुतली, भेगा भरल्या आणि पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या लेपाचे दोन हात दिले. वरचा स्लॅब आणि स्वयंपाकघराचा 120 चौरस फुटांचा, मजुरीसकट पंधरा हजार. चुना आणि डिंक मिसळून यापेक्षा खूप स्वस्तात होतं, पण पावसाळ्यानंतर परत करावं लागतं. फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक वर्षानुवर्षं टिकतं, पण खर्च आणि वजन दोन्ही जास्त. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. आपल्याकडे शेजाऱ्यांनी विचारलं, "लग्न आहे का घरी?"

2024 च्या मे महिन्यात परत मोजलं. दोन उन्हाळे सारखे नसतात, म्हणून दोन्ही वर्षांतले कमाल 43 च्या आसपासचे दिवस काढून तेवढेच ताडले. संध्याकाळी साडेसातला छताची आतली बाजू 44 वरून 38 वर. खोलीतली हवा तीन अंशांनी कमी. एसीला उगाच धावावं लागेना. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चीक लावली. ती बाहेरूनच हवी. आतल्या पडद्यापर्यंत ऊन आलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं.

बाकीची कामं भराभर सांगतो. जास्त चालणारे तीन पंखे बदलून बीएलडीसी घेतले, ते पूर्ण वेगाला 30 वॅटच्या आसपास घेतात. जुन्या ट्यूबलाइटी चोकसकट काढून एलईडी पट्ट्या लावल्या. सेट-टॉप बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करायचे. इन्व्हर्टर काढून टाकला, राऊटरला छोटा बॅकअप दिला. कूलरच्या पंपाला टायमर लावला, पहाटे तीननंतर नुसता पंखा चालतो. फ्रीज बदलला नाही. मोजल्यावर तो ठीक निघाला, आणि ठीक चालणारी वस्तू नुसत्या ताऱ्यांसाठी बदलू नये. तसेही ते तारे स्थिर नसतात. जुलै 2022 मध्ये एसीचे निकष कडक झाले तेव्हा पाच तारेवाला रातोरात चार तारेवाला झाला. दुकानात तारे मोजताना लेबलवरचं वर्षही बघावं.

जे मीटरवर येत नाही

आता त्या पाचव्या थर्मामीटरकडे येतो.

मे 2023 मध्ये दुपारी साडेबाराला दिवाणखान्यात 31 अंश असायचे आणि दहा पावलांवरच्या स्वयंपाकघरात 41. शेगडीचा एक बर्नर म्हणजे साधारण दोन किलोवॅटचा हीटर. दोन पेटले की चार. वर तापलेला स्लॅब. पंखा नाही, कारण पंख्याने गॅस विझतो. त्यात 71 वर्षांची बाई, सकाळी अकरा ते दीड.

आणि विजेच्या हिशोबात ही खोली घरातली सगळ्यात "कार्यक्षम" होती! एक दिवा आणि मिक्सर. आम्ही बिल बघून खूश होतो. बाबांच्या त्या सगळ्या कालनिर्णयांत या खोलीने कधी काही मागितलेलं नव्हतं. आईला विचारलं तर ती म्हणायची, "मला काही होत नाही. इतकी वर्षं झालंच ना." भारनियमनाच्या काळात सगळं घर मिळून सोसत होतं. नंतर सगळ्यांचं सोसणं संपलं, तिचं तेवढं राहून गेलं. कोणी मोजलंच नव्हतं.

उपाय शोधताना कूलरचाच नियम कामी आला. कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते. आमच्याकडे ती वाट दिवाणखान्याची समोरची खिडकी होती, म्हणजे गार हवा घरात येऊन सरळ अंगणात जात होती. ती खिडकी दुपारपुरती लावून घेतली आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वर नऊ इंची एक्झॉस्ट पंखा बसवला. आता दिवाणखान्यातली हवा स्वयंपाकघरातून होऊन, शेगडीची वाफ घेऊन बाहेर पडते. हवा तीच, कूलर तोच, फक्त रस्ता बदलला. (प्रोग्रामर लोकांना यातला आनंद सांगायला नको.) वरणाचा कुकर आणि चहा इंडक्शनवर गेला, तिथे भांडं तापतं, खोली कमी तापते. स्लॅब पांढरा झालाच होता. साडेबाराचा आकडा 41 वरून 35 वर आला.

या सगळ्याला महिन्याला 18 युनिट *जास्त* लागतात. बाबांनी लगेच धरलं. "वाचवायला निघाला होतास ना?" मी म्हटलं, हे अठरा युनिट आपण आजवर वाचवत नव्हतो, आईकडून घेत होतो. त्यावर ते काही बोलले नाहीत.

मे 2024 चं बिल आलं 415 युनिटांचं. स्वयंपाकघराचे अठरा धरून. 560 वरून 415, आणि 2024 चा मे काही दयाळू नव्हता. एक युनिट वीज करायला कोळशावरच्या केंद्रात अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. म्हणजे आमच्या एका घराचा महिन्याचा सत्तर किलोहून जास्त कोळसा वाचला. कोराडीच्या चिमण्या आमच्या गच्चीवरून दिसतात, त्यामुळे हा हिशोब आम्हाला पुस्तकी वाटत नाही. पैशांच्या बाजूने बघितलं तर बिलाचे टप्पे असतात, शंभरपर्यंत एक दर, मग तीनशे, मग पाचशे, पुढे आणखी वरचा. वाचतात ते नेहमी शेवटचे, म्हणजे सगळ्यात महाग युनिट. त्यामुळे युनिट चौथ्या हिश्शाने कमी झाले आणि पैसे त्याहून जास्त.

गच्चीवर सोलर का नाही, असं मला प्रत्येकजण विचारतो. फेब्रुवारी 2024 पासून 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे, आणि नागपुरात एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतं. बसवायचंच आहे. पण आधी 560 चं 415 केल्यावर पॅनेल लहान लागतं. गळकी बादली असेल तर आधी छिद्र बुजवावं, मग नळ मोठा करावा. शिवाय पॅनेलची सावली स्लॅबवर पडते तो फायदा वेगळाच.

कोणाला करायचं असेल तर माझा क्रम देतो. सगळ्यात आधी रात्री सगळं बंद करून मीटरचा दिवा मोजा. याला एक पैसा लागत नाही. मग घरातल्या प्रत्येक खोलीत, आणि *आधी स्वयंपाकघरात*, थर्मामीटर ठेवून आठवडाभर दुपारचा आणि रात्री निजतानाचा आकडा लिहा. मग छत. मग पश्चिमेची खिडकी. मग जास्तीत जास्त तास चालणारे पंखे. मोठी खरेदी सगळ्यात शेवटी. भाड्याच्या घरात असाल तर छत घरमालकाचं, पण चीक, पंखे आणि कूलरच्या हवेची वाट तुमच्या हातात आहे. आणि फोड करताना प्रत्येक खोलीपुढे दोन रकाने ठेवा, युनिट किती आणि अंश किती. ज्या खोलीत पहिला आकडा लहान आणि दुसरा मोठा, तिथे वीज वाचत नसते. तिथे माणूस खर्च होत असतो.

आमच्या कालनिर्णयवर एक तारखेच्या चौकोनात आता बाबांच्या पेन्सिलीचे दोन आकडे असतात. एक मीटरचा. दुसरा, त्याच्या खाली, बारीक अक्षरात, स्वयंपाकघराचा साडेबाराचा. मी सांगितलं नव्हतं.

25 मे ला नवतपा लागतो. नऊ दिवसांत करण्यासारखं फारसं काही नसतं, जे करायचं ते होळीच्या आधी. असो. पुढच्या शनिवारी पाण्याच्या टाकीबद्दल लिहीन. मे महिन्यात आमच्या नळाला दुपारी गीझर न लावता कढत पाणी येतं आणि आंघोळीसाठी ते गार कसं करायचं हा वेगळाच प्रोजेक्ट आहे :)